कॉन्व्हेंटची पायरी चढण्यापूर्वी

डिसेंबर सरत आला की लातूरच्या मुस्लिम मोहल्ल्यांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो, 'मुलाला कुठं टाकावं?' मूल जेमतेम तीन वर्षांचे असते. अब्बूंना इंग्रजी हवी असते, दादीला उर्दू हवी असते, अम्मीला शाळा घराजवळ हवी असते आणि मामूंना कुणीतरी सांगितलेले असते की 'कॉन्व्हेंटमध्ये टाका, मूल घडतं.' मग गंजगोलाईपासून औसा रोडपर्यंत शाळांचे अर्ज गोळा होतात. अर्ज भरून होतात, पण ज्या शाळेसाठी एवढी धावपळ चालते ती नेमकी काय असते, हे विचारायचे मात्र राहून जाते.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. नात्यातली, मोहल्ल्यातली, ओळखीची कितीतरी मुले मिशनच्या शाळांत गेलेली आम्ही पाहिली. काही छान निघाली, काही कुठेच रमली नाहीत. त्यामुळे कॅथलिक प्राथमिक शाळेचे वेगळेपण कशात आहे, त्यातले आपण काय घ्यावे आणि कुठे सावध राहावे, याचा निवांत विचार व्हावा असे वाटले. वाचक पालकांनी हा लेख घरात सगळ्यांसमोर वाचावा. निर्णय सगळ्या घराचा असतो.

सगळीच 'कॉन्व्हेंट' कॉन्व्हेंट नसतात

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'कॉन्व्हेंट' म्हणजे व्रतस्थ धर्मभगिनींचे, ज्यांना आपण सिस्टर म्हणतो त्यांचे, निवासस्थान. त्या आपल्या निवासालगत शाळा चालवत, म्हणून शाळेलाही तेच नाव पडले. मराठवाड्यात मात्र इंग्रजी माध्यमाची पाटी लागली की नावात 'कॉन्व्हेंट' येते. संस्थाचालक कुणी व्यापारी असतो, कुणी पुढारी असतो. तिथे ना सिस्टर, ना चर्च. फक्त टाय आणि बूट असतात. अशा शाळा वाईटच असतात असे नाही, पण त्यांना मिशनची शाळा समजून प्रवेश घेणे म्हणजे पाटी पाहून दवाखाना निवडण्यासारखे आहे.

दुसरा घोळ ख्रिस्ती पंथांचा. मिशनरी शाळा प्रॉटेस्टंटही असतात आणि कॅथलिकही. सावित्रीबाई फुले यांना अध्यापनाचे शिक्षण देणाऱ्या सिंथिया फरार अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट. कॅथलिक शाळा रोमच्या पोपना मानणाऱ्या चर्चच्या. त्या एक तर स्थानिक धर्मप्रांताच्या असतात किंवा एखाद्या संघाच्या. मराठवाड्याचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा झाला. त्याआधी कितीतरी वर्षे, निजामाच्या राजवटीतच, फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे फादर इकडे आले होते. त्यांतले फ्रेंच फादर गुरियन जाकियर यांनी घोगरगावच्या परिसरात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात आयुष्य घालवले. याच संतांच्या नावाची नागपूरची शाळा १८७० ची आहे, आणि औरंगाबादचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स तर आपल्यापैकी अनेकांच्या माहितीचे आहे. निजामाच्या राजधानीत हैदराबादेत ऑल सेंट्स हायस्कूल १८५५ पासून चालू होते. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळापासून हा शेजार आहे.

तेव्हा शाळेत गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा, की ही शाळा कोणत्या संघाची किंवा कोणत्या धर्मप्रांताची आहे? खरी कॅथलिक शाळा याचे उत्तर एका वाक्यात देते.

शिकवण्यासाठी आयुष्य दिलेली माणसे

या शाळांमागे चार-पाचशे वर्षांचा अनुभव आहे. जेजुइट संघाने १५४८ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे शाळा काढली आणि १५९९ मध्ये आपल्या सगळ्या शाळांसाठी एक सविस्तर अभ्यासनियमावली ठरवली. कोणत्या इयत्तेत काय शिकवावे, उजळणी कधी घ्यावी, बक्षीस कसे द्यावे, शिक्षकाने कसे वागावे, हे सगळे लिहून ठेवले. मुलींच्या आणि लहान मुलांच्या शिक्षणाचे काम प्रामुख्याने धर्मभगिनींनी उचलले. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत घरातली माणसे गमावलेल्या क्लॉडीन थेवने यांनी १८१८ मध्ये लिओं शहरात 'जीझस अँड मेरी' संघ स्थापला. या संघाच्या भगिनी १८४२ मध्ये आग्र्याला पोहोचल्या. पुढे मुंबईत भायखळ्याला, पुण्यात कॅम्पात त्यांच्या शाळा उभ्या राहिल्या.

सिस्टर किंवा फादर गरिबीचे, ब्रह्मचर्याचे आणि आज्ञापालनाचे व्रत घेतात. त्यांचा पगार स्वतःच्या खिशात जात नाही, संघाकडे जातो. त्यांना जमीन घ्यायची नसते, मुलाला नोकरीला लावायचे नसते. काही वर्षांनी बदलीचा हुकूम आला की एक पेटी घेऊन त्या दुसऱ्या गावी जातात. त्यामुळे शाळा कुणा एका घराण्याची मालमत्ता होत नाही. आपल्या जिल्ह्यांतील संस्थांचे राजकारण ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

अर्थात आज अशा शाळांतही व्रतस्थ भगिनी दोन-चारच असतात. वर्गावर जाणाऱ्या बहुतेक शिक्षिका बाहेरच्या असतात, हिंदू असतात, मुस्लिमही असतात. पण मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसलेली बाई सकाळी सातला फाटकाशी उभी असते आणि शाळेच्या आवारातच राहते. त्याचा परिणाम शिपायापासून केजीच्या ताईपर्यंत सगळ्यांवर होतो.

लहान वर्गांना मान

आता वर्गात जाऊ. बहुतेक शाळांत नवखा शिक्षक लहान वर्गावर पाठवतात आणि अनुभवी शिक्षक दहावीसाठी राखून ठेवतात. लातूर पॅटर्नने आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर गाजवले, पण तो पॅटर्न दहावी-बारावीचा. पाया घालणाऱ्या पहिली-दुसरीकडे तेवढे लक्ष गेले नाही. चांगल्या कॅथलिक प्राथमिक शाळेत उलटे दिसते. पहिलीला वीस-पंचवीस वर्षे शिकवणारी बाई असते आणि तिला त्याचा कमीपणा वाटत नाही. अक्षराचा आवाज आधी, नाव नंतर. चार रेघी वहीत अक्षर बसेपर्यंत घाई नाही. रोज थोडे मोठ्याने वाचन. आठवड्याला छोटी चाचणी.

दुसरी गोष्ट, शिस्तीची. शिस्त म्हणजे मार असे आपल्याकडे समीकरण होते. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आहे, आणि जुन्या मिशन शाळांतही वेताची छडी होतीच, हे विसरू नये. पण आजच्या शिस्तीचा गाभा सवयीत आहे. घंटा झाली की बोलणे थांबवायचे. रांगेत चालायचे. डबा खाताना बसून खायचे. खाली पडलेला कागद, तो कुणाचाही असो, उचलायचा. 'प्लीज', 'थँक यू', 'सॉरी' हे शब्द सिस्टरांनीही मुलांना म्हणायचे. आपण ज्याला अखलाक म्हणतो त्याची ही रोजची तालीम आहे. बसून खाणे, उजव्या हाताने खाणे, रस्त्यातला काटा बाजूला करणे, सलामात पुढाकार घेणे, हे आपल्या दीनने शिकवलेलेच आहे. फरक इतकाच की तिथे ते सहा वर्षांच्या मुलाकडून वर्षभर, न चिडता, करवून घेतले जाते.

तिसरी गोष्ट, डायरी. या शाळांत कॅलेंडर किंवा हँडबुक नावाची लहानशी वही मिळते. तिच्यात शाळेचे नियम, सुट्ट्या, गैरहजेरीची पाने आणि शिक्षक-पालकांनी एकमेकांना लिहायच्या जागा असतात. पालकाने रोज सही करावी अशी अपेक्षा असते. आपल्याकडची पुष्कळ घरे इथेच कमी पडतात. फी वेळेवर भरतात, डायरी मात्र उघडत नाहीत.

चौथी गोष्ट, देण्याची सवय. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्या दिवसांत, आणि नाताळच्या सुमारास, अनेक शाळांत मुलांना खाऊचे पैसे वाचवून अनाथाश्रमासाठी, वृद्धाश्रमासाठी डब्यात टाकायला सांगतात. रमजानात सदका आणि फितरा पाहिलेल्या मुलाला हे परके वाटत नाही. उलट घरात त्याला कुणी समजावले, तर त्याला दोन्हीतला समान धागा कळतो.

प्रार्थना, क्रूस आणि आपले मूल

आता खरा प्रश्न. 'तिथं आमच्या मुलाला ख्रिस्ती करतील का?' हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. तो उघडपणे विचारायला हरकत नाही, कारण त्याचे उत्तर कायद्यातही आहे आणि चर्चच्या कागदपत्रांतही आहे.

भारतीय संविधानाच्या कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमानुसार, शासनमान्य किंवा शासनाच्या पैशातून मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. हा हक्क शाळेच्या मेहरबानीवर अवलंबून नाही.

व्यवहारात बहुतेक शाळांत आठवड्याच्या ठरलेल्या तासिकेला वर्गाचे दोन भाग होतात. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात. सात-आठ वर्षांच्या सुमारास त्यांचे 'पहिले कम्युनियन' असते, त्याची तयारी तिथे होते. बाकीची मुले त्याच वेळी नीतिशिक्षणाला, म्हणजे 'मॉरल सायन्स'ला बसतात. त्यात खरे बोलणे, चोरी न करणे, आईवडिलांचा मान राखणे असे धडे असतात. परिपाठात मात्र सर्वांसाठी एक प्रार्थना असते, फाटकाशी बीबी मरियमची मूर्ती असते, वर्गाच्या भिंतीवर क्रूस असतो, डिसेंबरात गव्हाणीचा देखावा असतो. ही शाळा एका धर्माच्या लोकांची आहे आणि ती ते लपवत नाही.

चर्चची भूमिका काय? व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन घोषणापत्रे जाहीर केली. एक शिक्षणाविषयीचे होते. त्यात मुलाच्या शिक्षणाची पहिली जबाबदारी आणि पहिला हक्क आईवडिलांचा मानला आहे. दुसरे इतर धर्मांविषयीचे. त्यात मुसलमानांचा उल्लेख आदराने आहे, ते एका ईश्वराची उपासना करतात, ईसा अलैहिस्सलाम यांना पैगंबर मानतात आणि मरियमचा सन्मान करतात, हे नमूद केले आहे. आणि अगदी अलीकडे, एप्रिल २०२४ मध्ये, भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने देशातील आपल्या सुमारे १४ हजार शाळांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, रोजच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी, शक्य तिथे सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी खोली ठेवावी, असे त्यांत म्हटले आहे.

आता आपल्या बाजूचे पाहू. बद्रच्या लढाईतल्या ज्या कैद्यांना लिहिता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मोकळे व्हावे, ही सीरतमधली रिवायत आपण सर्वांनी ऐकली आहे. ते शिक्षक मुसलमान नव्हते. मक्केत जगणे कठीण झाले तेव्हा पहिल्या मुसलमानांना आसरा हबशाच्या ख्रिस्ती राजाने दिला, आणि त्याच्या दरबारात हजरत जाफर यांनी सूरह मरियमचीच तिलावत केली होती. इल्म परक्याकडून घ्यायला आपला दीन आडवा येत नाही.

म्हणून आमचे मत असे, की क्रूस पाहून मुलाचे ईमान डळमळत नाही. घरात काहीच नसेल तर मात्र डळमळते. 'तिथे मरियमची मूर्ती का आहे?' असे सहा वर्षांच्या मुलीने विचारले, तर अम्मीने डोळे वटारू नयेत. तिला जवळ घ्यावे, मरियम अलैहस्सलाम यांची गोष्ट सांगावी, कुरआनात त्यांच्या नावाची एक पूर्ण सूरह आहे हे सांगावे आणि आपण मूर्तीपुढे हात का जोडत नाही हेही शांतपणे सांगावे. आईची मांडी हा पहिला मदरसा, असे आपण म्हणतो. मूल कॉन्व्हेंटात गेले की त्या मदरशाचे काम वाढते.

ओढणीचा प्रश्न

एका बाबतीत मात्र पालकांनी प्रवेशाआधीच स्पष्ट बोलून घ्यावे, ती म्हणजे गणवेश. डिसेंबर २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे तिरुवनंतपुरमच्या एका ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या शाळेतील दोन मुस्लिम मुलींची याचिका होती. त्यांना डोक्यावर रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा होता. न्यायमूर्ती ए. मुहम्मद मुश्ताक यांनी निकाल दिला, की पोशाखाची निवड हे व्यक्तीचे स्वातंत्र्य आहे, पण खाजगी संस्था चालवण्याचा हक्कही मूलभूत आहे आणि दोन्हींत टक्कर झाली तर संस्थेच्या व्यापक हिताला प्राधान्य मिळेल. परवानगी द्यायची की नाही, हे शाळेनेच ठरवावे.

पहिलीतल्या मुलीसाठी हा प्रश्न उद्भवत नाही. पण त्याच शाळेत ती सातवी-आठवीपर्यंत जाणार असते. तेव्हा जुम्याची सुट्टी, ईदची सुट्टी, रोजाच्या दिवसांत खेळाच्या तासाची सवलत, सलवार किंवा पूर्ण बाह्या, डोक्यावर ओढणी, या गोष्टी नर्सरीच्या प्रवेशावेळीच विचाराव्यात. पुष्कळ मुख्याध्यापिका समजूतदारपणे मार्ग काढतात. काही काढत नाहीत. आधी कळले तर वाद होत नाही आणि मुलीला वर्गासमोर खजील व्हावे लागत नाही.

भाषेचा हिशेब

आता आमच्या जिव्हाळ्याचा विषय. या शाळांतून मुलाला इंग्रजी येते, यात शंका नाही. पण काय जाते, तेही पाहावे. मोहल्ल्यातली अशी मुले आम्ही पाहिली आहेत, जी इंग्रजी कविता घडाघडा म्हणतात, पण नानाजानच्या उर्दू अखबाराचा मथळा वाचू शकत नाहीत आणि रेशन दुकानावरची मराठी सूचना वाचायला दुसऱ्याला बोलावतात. घरात दखनी, गल्लीत मराठी, वर्गात इंग्रजी, सबाकात अरबी. चार भाषा कानावर पडतात आणि लिहिता एकच येते.

काही शाळांत मातृभाषेत बोलले म्हणून मुलाला दंड करण्याची प्रथा होती, कुठे कुठे ती अजून आहे. ती चुकीची आहे, हे शिक्षक म्हणून आम्ही ठामपणे सांगतो. मुलाला ज्या भाषेत भूक लागते, त्या भाषेची लाज शिकवणे म्हणजे त्याच्या अम्मीची लाज शिकवणे आहे.

आणि कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजीच, असा काही धर्मनियम नाही. गोव्याचे उदाहरण पाहा. १९९० च्या सुमारास गोवा सरकारने ठरवले की प्राथमिक शाळेला अनुदान हवे असेल तर माध्यम प्रादेशिक भाषेचे हवे. तेव्हा तिथल्या आर्चडायोसिसने आपल्या प्राथमिक शाळा कोकणी माध्यमात नेल्या आणि सुमारे दोन दशके मुलांना कोकणीतून शिकवले. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान देऊ केले आणि त्या शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. त्यावरून गोव्यात मोठे आंदोलन झाले. या बदलामागे पालकांचा रेटा मोठा होता, हे ध्यानात घ्यावे. शाळा मातृभाषेतून शिकवायला तयार होती, पालक नव्हते.

वसईचे कॅथलिक तर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या मराठी 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. एक धर्मगुरू आपल्या धर्मावर पक्का राहून मराठीचा एवढा मोठा लेखक होऊ शकतो. मराठी बोलणाऱ्या आपल्या समाजानेही यातून घेण्यासारखे आहे.

२०२० च्या राज्याच्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे. त्यामुळे मराठीची काळजी थोडी कमी झाली, पण उर्दूची जबाबदारी घरावरच आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास उर्दू वाचन आणि एक ओळ शुद्धलेखन, इतके पहिलीपासून केले तरी चौथीपर्यंत मूल उर्दू मासिक वाचू लागते. हे आम्ही पुन्हा पुन्हा अनुभवले आहे.

दार कुणासाठी उघडे?

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्याक शाळांविषयी एक अहवाल दिला. देशातील धार्मिक अल्पसंख्याकांमध्ये ख्रिस्ती समाजाचा वाटा ११.५४ टक्के आहे, पण धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळांपैकी ७१.९६ टक्के शाळा त्यांच्या आहेत. मुस्लिम समाजाचा वाटा ६९.१८ टक्के, आणि शाळा २२.७५ टक्के. ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्ती समाजाबाहेरचे आहेत. म्हणजे हा छोटासा समाज मुख्यतः दुसऱ्यांची मुले शिकवतो.

त्याच अहवालात दुसराही आकडा आहे. अल्पसंख्याक शाळांत सामाजिक व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थी ८.७६ टक्केच आहेत. या आकड्यांवरून आयोगाने काढलेल्या निष्कर्षांवर वाद झाले, पण गरिबाला या शाळांचे दार अरुंद वाटते हे आपण गावोगाव पाहतो. पालकांची मुलाखत, फी, पुस्तके, दोन-दोन गणवेश, रिक्षा. हमालाच्या किंवा भाजीवाल्याच्या मुलाला यातले किती परवडते?

शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळेत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी असतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. म्हणून खऱ्या कॅथलिक शाळेत हा अर्ज चालत नाही आणि पालक हेलपाटे घालतात. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात, या सवलतीच्या व्याप्तीविषयी शंका व्यक्त करून विषय मोठ्या पीठाच्या विचारासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. या विषयाचा निकाल जसा ख्रिस्ती शाळांना लागू होईल तसाच आपल्या शाळांनाही लागू होईल.

मग आपल्या शाळांचे काय?

संविधानाचे कलम ३० ख्रिस्ती समाजाला जो हक्क देते, तोच आपल्याला देते. शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ ची आहे. पुण्यात फातिमा शेख यांनी सावित्रीबाईंच्या खांद्याला खांदा लावला, तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. सुरुवात आपण उशिरा केलेली नाही.

कमी पडलो ते रोजच्या कामात. आपल्याकडे इमारतीसाठी चंदा मिळतो, संगमरवराची पाटी लागते, पण पहिलीच्या बाईला वेळेवर पगार मिळत नाही. संस्थेच्या मीटिंगा पदांवरून रंगतात, वाचनाच्या तासावरून कधीच नाही. कॅथलिक शाळेकडून शिकायचेच असेल तर टाय आणि इंग्रजी नाव घेऊ नये. लहान वर्गाला अनुभवी शिक्षक द्यावा. पालकाशी रोजच्या डायरीतून बोलावे. संस्थेचा पदाधिकारी घरातल्या माणसांना नोकऱ्या वाटणार नाही, असा नियम करावा आणि पाळावा. स्वच्छतागृह स्वच्छ ठेवावे. आणि आपल्या शाळेचे दार दुसऱ्या समाजाच्या मुलांसाठीही उघडे असावे. आपल्या उर्दू शाळेत एखादी सिस्टर आपले भाचर आणून विश्वासाने सोडेल, असा दिवस आला तर आपण काहीतरी कमावले असे म्हणता येईल.

शेवटी, अर्ज घेऊन निघालेल्या वालिदैनसाठी थोडेसे. शाळेत एकदा सुट्टीच्या वेळी जाऊन उभे राहा आणि मुले शिक्षकांकडे धावत जातात की त्यांना पाहून दबकतात, ते बघा. पहिलीची बाई किती वर्षांपासून आहे ते विचारा. धर्मशिक्षणाच्या तासाला आपले मूल कुठे बसेल, ते लेखी विचारा. ईद, जुमा आणि ओढणी यांविषयी आत्ताच बोला. वर्षाचा सगळा खर्च, रिक्षासकट, कागदावर मांडा आणि तो दहावीपर्यंत झेपेल का ते पाहा. पाचवीत पैसे कमी पडून मूल काढावे लागते तेव्हा त्याचे मन मोडते. नाही झेपत असेल तर जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची उर्दू किंवा मराठी शाळा निवडताना मान खाली घालू नका. तिथले प्रशिक्षित शिक्षक आणि घरातले लक्ष, एवढ्यावर मोठी झालेली मुले लातूर-नांदेडात आज डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक आहेत.

कॉन्व्हेंटात टाका किंवा उर्दू शाळेत, मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असते. बाकीचा वेळ ते तुमच्याकडे असते. त्या वेळात त्याच्याजवळ बसून डायरी उघडली, दोन ओळी उर्दूच्या लिहून घेतल्या, शाळेत आज काय झाले ते ऐकले, तर कोणतीही शाळा त्याला तुमच्यापासून दूर नेणार नाही. अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये आणि अखलाकमध्ये बरकत देवो. आमीन.